पेन्सिलीचा ठिपका

"अगं, तू उठ. ती पाटी फोटोपुरती आहे."

अक्कासाहेब हे मराठीत म्हणाल्या. हसत म्हणाल्या. समोर परदेशी पाहुणे होते, चार बायका आणि दोन पुरुष, त्यांच्या देशाच्या संसदेतले. बाकीचे सगळे हिंदीवाले. त्या दिवाणखान्यात मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच होतो. म्हणून मराठीत.

मी खुर्चीवर बसले होते. समोर टेबलावर पाटी, पाटीवर माझं नाव आणि नावाखाली 'पार्षद'. नगरसेवकाला आमच्या ग्वाल्हेरात पार्षद म्हणतात. फोटो काढून झाला होता. अक्कासाहेबांचे जावई दिल्लीहून उशिरा पोचले आणि त्यांना बसायला खुर्ची नव्हती.

मी उठले. जावई बसले, माझ्या नावाच्या पाटीमागे. कुणीतरी माझ्या हातात गजकेचं ताट दिलं. थंडीचे दिवस होते, थंडीत आमच्याकडे पाहुण्यांपुढे गजक, म्हणजे तीळगुळाची कडक वडी, ठेवतातच. मी ताट घेऊन फिरले. एका गोऱ्या बाईंनी तुकडा उचलला. पाटीकडे बघितलं, जावयांकडे बघितलं, माझ्या हातातल्या ताटाकडे बघितलं. मग गजक तोंडात टाकली. गजक दाताला चिकटते.

मला काही वाटलं नाही. लोक विचारतात, राग नाही आला? नाही आला. हात ताट धरत होते, पाय चालत होते. मी आत कुठे होते ते मलाच माहीत नव्हतं. अशी मी बरीच वर्षं होते, आणि ते मला कळतही नव्हतं.

अक्कासाहेब म्हणजे आमच्या शहरातलं मोठं नाव. पणजोबा दरबारात कारभारी, वडील वकील. त्या स्वतः दोनदा खासदार झाल्या, मग युरोपातल्या एका देशात राजदूत म्हणून गेल्या. दौलतगंजातल्या त्यांच्या कोठीत, म्हणजे बंगल्यात, एक भिंत नुसती फोटोंची आहे. राष्ट्राध्यक्षांशी हस्तांदोलन करताना अक्कासाहेब, बर्फात कोट घालून उभ्या अक्कासाहेब, कुठल्याशा करारावर सही करताना अक्कासाहेब. परत आल्यापासून एक वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असायचं. "मुत्सद्दीपणा म्हणजे काय, तर आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेणं." लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या आहेत.

आमचेही पूर्वज दख्खनेतून आलेले. खोगिरं शिवायला, चामड्याचं काम. अक्कासाहेब भाषणात म्हणायच्या, "आपण मराठी माणसं सगळी एकाच फौजेबरोबर इथे आलो." खरंच आहे. त्यांचे खोगिरावर बसून आले, आमचे खोगीर डोक्यावर घेऊन.

बाबा मिलमध्ये होते. मिल बंद पडली, लाइनी राहिल्या. लाइन म्हणजे कामगारांच्या खोल्यांची रांग. बिड़ला नगरच्या एका लाइनीत मी जन्मले, त्याच लाइनीत बाबा अजून राहतात. आई अक्कासाहेबांच्या कोठीवर कपडे धुवायची, मागच्या अंगणात. मागच्या अंगणात म्हणजे मागच्याच अंगणात. स्वयंपाकघराचा उंबरा तिने कधी ओलांडला नाही. ओलांडू नकोस असं कुणी म्हटलंही नाही. म्हणायची गरजच नव्हती.

मी बारावी झाले. लग्न तिथेच दोन गल्ल्या सोडून झालं. लाइनीत शिवणाचा क्लास चालवायची. मग आमचा वॉर्ड आमच्या जातीच्या बायकांसाठी राखीव झाला, आणि पार्टीला बाई हवी झाली. एक दिवस अक्कासाहेबांची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. आत येत नव्हती, गल्ली अरुंद. त्या खाली उतरल्या, चालत आल्या आणि मला म्हणाल्या, "जेवलीस का गं?"

मराठीत म्हणाल्या. हे बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्या शहरात मराठी घरात असते आणि घरातच मरते. बाजारात हिंदी, ऑफिसात हिंदी, पोरं आईशी भांडतात तेही हिंदीत. अशा ठिकाणी एवढी मोठी बाई आपल्या भाषेत जेवलीस का विचारते, तेव्हा माणूस विरघळतो. मी विरघळले. मला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला पुढे महाग पडलं.

मी निवडून आले. हार माझ्या गळ्यात पडले, शिक्का तिवारीजींकडे गेला. तिवारीजी म्हणजे अक्कासाहेबांचे सेक्रेटरी. माझं लेटरपॅडही कोठीवरच छापून आलं आणि कोठीवरच राहिलं. "वहाँ सँभालकर रहेगा," तिवारीजी म्हणाले. "आपके घर में बच्चे हैं."

मग सोमवार सुरू झाले.

दर सोमवारी सकाळी मी कोठीवर जायची. तिवारीजी वीस-पंचवीस कोरी लेटरपॅडं पुढे ठेवायचे. प्रत्येकावर पेन्सिलीचा एक बारीक ठिपका. ठिपक्याशी सही करायची. मजकूर नंतर टाइप व्हायचा, शिक्का नंतर बसायचा, ठिपका खोडला जायचा. पहिल्या सोमवारी अक्कासाहेब स्वतः शेजारी उभ्या राहिल्या आणि बोटाने ठिपका दाखवला. "इथे. याच्या वर नाही, खाली नाही. मजकूर बसला पाहिजे."

पत्रं साधी असायची. नाली साफ करा, खांबावरचा दिवा बदला, हॅंडपंप दुरुस्त करा. दिवे लागायचे. लोक मला दुवा द्यायचे. मग मी कशाला विचारू? आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. पण आंधळ्यालाही वाटत असतं की आपलं जातं चांगलं चाललंय.

ठिपका नेहमी कागदाच्या मध्यावर असायचा, कारण पत्र चार ओळींचं. एका सोमवारी एका कागदावर ठिपका अगदी तळाशी होता. मला दिसला. हे पत्र मोठं असणार, एवढं कळलं. पेन क्षणभर थांबलं. तिवारीजींनी वर बघितलं. मी सही केली.

मला कुणी फसवलं नाही. मी बघितलं, मला कळलं, आणि मी विचारलं नाही.

गजकेचा तो कार्यक्रम त्यानंतर महिन्याभराने झाला. पाहुणे कशासाठी आले होते तेही मला नीट सांगितलेलं नव्हतं. अक्कासाहेबांच्या वडिलांच्या नावाने शहरात एक आंतरराष्ट्रीय मैत्री केंद्र उभं राहणार होतं, आणि पाहुण्यांचा देश त्याला हातभार लावणार होता. मी तिथे का? तर स्थानिक लोकप्रतिनिधी. केंद्र कुठे उभं राहणार, हे मी विचारलं नाही. एव्हाना न विचारण्याचा सराव झाला होता.

दोन दिवसांनी माझी मुलगी प्राची मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. कॉलेजात जाते, इंग्रजी समजतं तिला. "आई, सुन ना. हे बघ तुझ्याबद्दल काय बोलतायत त्या."

अक्कासाहेबांचं त्या दिवशीचं भाषण होतं. इंग्रजीत. मी मागे ताट घेऊन उभी होते, पाहुण्यांबरोबर हसत. प्राचीने एकेक वाक्य थांबवून सांगितलं.

"त्या म्हणतात, ही माझ्या स्वयंपाकघरात भांडी घासायची. म्हणतात, हिला अक्षर येत नव्हतं. मी हिचा हात धरून हिला सही करायला शिकवलं. आज ही पार्षद आहे." प्राचीने फोन बंद केला. "आई, तू हँस क्यों रही थी?"

मी पोळी लाटत होते. लाटत राहिले. काय सांगू? आमच्यातलं कुणी त्या स्वयंपाकघरात कधी गेलंच नाही गं, जाऊ दिलं असतं तर भांडी तरी घासली असती. मला लिहायला बाबांनी शिकवलं. मी सहा वर्षांची असताना, खोलीच्या फरशीवर, शिंप्याच्या खडूने. ते स्वतः मिलच्या रात्रशाळेत सही शिकले होते, आणि ती त्यांना फार मोठी गोष्ट वाटायची. "सही म्हणजे आपण तिथे उभे असतो, बाई," ते म्हणायचे. "आपण नसलो तरी."

अक्कासाहेबांनी मला सही शिकवली नाही. कुठे करायची ते शिकवलं.

तेव्हाही राग आला नाही. पोळी जळली, एवढंच.

पुढच्या आठवड्यात बाबांनी बोलावलं. फोनवर काही सांगितलं नाही, नुसतं "येऊन जा" म्हणाले. मी गेले. ते खाटेवर बसले होते, हातात नोटीस. लाइनीतल्या सगळ्यांना आलेली. महिन्याच्या आत खोल्या खाली करा, जागा मैत्री केंद्रासाठी लागणार आहे. नोटिशीला एका पत्राची झेरॉक्स जोडलेली होती. माझं लेटरपॅड. पूर्ण पान भरून हिंदी मजकूर, सगळ्यात खाली सही आणि शिक्का.

एक ओळ मला अजून पाठ आहे. 'सभी निवासी स्वेच्छा से अन्यत्र जाने को सहमत हैं।' सगळे आपखुशीने जायला तयार आहेत. त्या सगळ्यांत बाबाही आले.

"ही सही तुझीच आहे न?" बाबांनी विचारलं.

मी सहीवर बोट ठेवलं.

"तुझीच आहे. शेवटची रेघ मीच शिकवली होती तुला." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "पण हा ठिपका कसला गं? सहीच्या बाजूला?"

तिवारीजी ठिपका खोडायला विसरले होते. इतके महिने, इतके कागद, आणि नेमका हाच. झेरॉक्समध्ये तो चांगला काळा आला होता.

मी सांगितलं. सोमवार, कोरे कागद, ठिपका, सगळं. बाबांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. त्यांनी ओरडायला हवं होतं. फक्त नोटिशीची घडी घातली, उशीखाली ठेवली आणि मला म्हणाले, "चहा घेशील?" दारात शेजारच्या दोन बायका उभ्या होत्या. माझ्या क्लासात शिकलेल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी चहा प्यायले. चहाला चव नव्हती. कशालाच नव्हती, पण त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या लक्षात आलं.

मी तशीच दौलतगंजात गेले. सोमवार नव्हता. तिवारीजी गडबडले. अक्कासाहेब फोटोंच्या भिंतीखाली पेपर वाचत होत्या. मला बस म्हणाल्या नाहीत. कधीच म्हणत नसत, हेही मला तेव्हाच दिसलं.

"अक्कासाहेब, हे पत्र मी लिहिलं नाही."

"पत्रं कुणी स्वतः लिहितं का? मी राजदूत होते तेव्हा माझी पत्रं काय मी लिहीत होते?"

"पण वाचून सही करत असाल."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "तू वाचायला मागितलं होतंस?"

"नाही."

"मग?"

त्यांचं बरोबर होतं. तेवढ्यापुरतं त्यांचं अगदी बरोबर होतं.

मग त्यांनी आवाज मऊ केला. "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. कोऱ्या कागदावर सह्या केल्यास हे बाहेर गेलं तर पद तुझं जाईल, माझं नाही. मला पदच नाही. आणि वडिलांची काळजी करू नकोस. त्यांची सोय मी दुसरीकडे करते."

"बाकीचे?"

"बाकीचे तुझे कोण?"

तेव्हा आला. इतक्या वर्षांचा राग एकदम येईल असं वाटलं होतं, तसा नाही आला. हातपाय बधिर झालेल्या माणसाला आधी बोटांच्या टोकांत मुंग्या येतात, तेवढाच आला. पण आला. मी म्हटलं, "येते." आणि निघाले. त्या मागून म्हणाल्या, "चहा तरी घेऊन जा." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

घरी प्राची म्हणाली, "आई, इतना क्या सोचना? बोल दे कि सही नकली है. फॉर्जरी. तू सुटशील, लाइन पण सुटेल."

तिचं चुकीचं नव्हतं. ठिपका होता, पुरावा होता. सही कुणीतरी गिरवली म्हटलं असतं तर लोकांनी विश्वास ठेवला असता. माझं पद वाचलं असतं. मी सबंध दुपार त्यावर विचार केला. पण सही माझी होती. शेवटची रेघ बाबांनी शिकवलेली होती. तीही नाकारली, तर मग माझं असं काय राहतं? अक्कासाहेबांनी सांगितलेलंच खरं ठरतं, की हिला सहीसुद्धा येत नव्हती.

महापालिकेच्या परिषदेच्या बैठकीत लाइन खाली करण्याचा विषय आला. 'पार्षद महोदया की माँग पर.' माझ्या मागणीवरून. मी कधी बोलत नसे. बैठकीत माझी जागा शेवटच्या रांगेत खांबाआड होती. मी उभी राहिले तेव्हा शेजारच्या पार्षदाला वाटलं मी बाहेर चालले आहे, त्याने पाय आत घेतले.

मी म्हटलं, "सही मेरी है. चिट्ठी मेरी नहीं है."

कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, सही आपकी है तो चिट्ठी किसकी होगी?"

"मैंने कोरे काग़ज़ पर सही की थी. हर सोमवार करती थी. सही के बाजू में पेन्सिल का निशान देखिए. वहाँ मुझे बताया जाता था कि कहाँ करनी है. लाइन में एक भी आदमी ने हाँ नहीं कहा. मुझसे किसी ने पूछा नहीं, मैंने भी किसी से नहीं पूछा. ग़लती मेरी है. चिट्ठी फिर भी मेरी नहीं है."

मी खाली बसले. कागद हातोहात फिरले. लोक ठिपका शोधत होते. मला जे दिसलं ते एवढंच, की दोन बायका कागदाकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. दोघी माझ्यासारख्याच, राखीव वॉर्डातल्या. एकीने हळूच आपली पर्स उघडली, आपलं लेटरपॅड आहे का ते चाचपलं. तिच्याकडेही नव्हतं.

विषय स्थगित झाला. रद्द नाही झाला, स्थगित. हे मी लाइनीत जाऊन जसंच्या तसं सांगितलं. कुणी हार घातला नाही, घालायचं कारणही नव्हतं. शेजारच्या एका बाईने तोंडावर विचारलं, "नाली-दिव्यांच्या पत्रांसोबत अजून काय काय गेलंय तुझ्या सहीने?" मी म्हटलं, "माहीत नाही. शोधते आहे." अजूनही शोधते आहे.

पार्टीने मला काढलं. पदाचा गैरवापर केला म्हणून माझ्यावर चौकशी बसली. कोऱ्या कागदावर सह्या करणारी मी, सापडलेली मी, कबूल करणारीही मीच. करवून घेणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. मुत्सद्दीपणा याला म्हणतात, आता कळलं.

अक्कासाहेबांचा फोन आला. "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. काय मिळवलंस?" मी म्हटलं, "अजून काही नाही." त्यांनी फोन ठेवला.

नंतर एका सोमवारी तिवारीजी लाइनीत आले. बाबांच्या खोलीत, कारण मी आता तिथेच बसते. लाकडी टेबल, दोन खुर्च्या, दार उघडं. त्यांनी एक टाइप केलेला कागद काढला. या वेळी मजकूर होता. मी मानसिक तणावाखाली होते, बैठकीत जे बोलले ते भ्रमात बोलले, मला खेद आहे. "दस्तख़त कर दीजिए," ते म्हणाले. "जाँच बंद हो जाएगी. अक्कासाहेब आपको अब भी बेटी मानती हैं."

तळाशी पेन्सिलीचा ठिपका होता. सवय.

मी कागद घेतला आणि दारात उभी राहिले. बायका नळावर होत्या. मी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. तिवारीजी "मॅडम, मॅडम" म्हणत राहिले. वाचून झाल्यावर मी बायकांना विचारलं, "सही करूँ?" एकीने बादली नळाखालून काढली आणि दुसरी लावली. मी कागद तिवारीजींना परत दिला, बिनसहीचाच, ठिपक्यासकट. बाबा खाटेवरून बघत होते. त्यांनी मला दुसऱ्यांदा चहा विचारला. या वेळी साखर कळली.

नवं लेटरपॅड मी स्वतः छापून आणलं आहे. ते या टेबलाच्या खणात असतं. ज्याला पत्र हवं त्याने समोर बसायचं, आधी मजकूर लिहायचा, मग वाचून दाखवायचा, मग सही. वेळ लागतो. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

पुढच्या महिन्यात माझी सुनावणी आहे. पद बहुतेक जाईल. वकील म्हणतात, कबुली दिल्यावर वाचायला जागाच उरत नाही. लाइनही कदाचित जाईल, स्थगित म्हणजे काय ते आम्हाला कळतं. ती गेली तर ती माझ्या सहीने गेलेली असेल, हे मी कुणाला विसरू देणार नाही, स्वतःलाही नाही. पण लोक राजी होते हे कुणाला म्हणता येणार नाही.

सुनावणीला मी एकटी जाणार आहे. तिथे खुर्ची असेल, पाटी असेल की नाही माहीत नाही. नसली तर माझं नाव मी कागदावर लिहून समोर ठेवीन. आणि त्या खुर्चीवर बसेन. ज्या दिवशी अक्कासाहेब हसत उठ म्हणाल्या, त्या दिवशी मी उठले होते. आता उठवायचं असेल तर त्यांना हिंदीत म्हणावं लागेल, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी उठणार नाही.